कोपरा कुठे आणि कोणत्या अंतराने घासला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील इष्टतमीकरणावरील (म्हणजे कमाल-किमान मूल्य शोधण्याच्या गणितावरील) लेखात, कोपरे असलेले बहिर्वक्र (कॉन्व्हेक्स, म्हणजे वाटीसारखा वर उघडणारा आलेख असलेले) फलन गुळगुळीत केले की उत्तर अंदाजीच मिळते, असे विधान आहे. ते सरसकट खरे नाही.

फ्रेंच गणितज्ञ झाँ-झाक मोरो यांनी 1965 च्या निबंधात विस्ताराने मांडलेली रीत आज मोरो-योसिदा नियमितीकरण म्हणून ओळखली जाते. दिलेल्या बिंदूपासून कोणत्याही बिंदूपर्यंतच्या (तो स्वतःही धरून) अंतराचा वर्ग भागिले दोन लॅम्डा (लॅम्डा ही आपण निवडलेली धन संख्या), अधिक त्या दुसऱ्या बिंदूपाशी फलनाचे मूल्य, या बेरजेचे किमान मूल्य म्हणजे नवे फलन. निरपेक्ष मूल्याच्या आलेखाला ही रीत लावली, तर शून्याच्या दोन्ही बाजूंना लॅम्डापर्यंत टोकाच्या जागी परवलय (पॅराबोला) येतो आणि त्यापुढील सरळ रेषा अर्ध्या लॅम्डाने खाली सरकतात. संख्याशास्त्रात ह्यूबर यांनी 1964 मध्ये वापरलेले फलन ते हेच. फलनाचे किमान मूल्य आणि ते जिथे मिळते ती जागा तसूभरही हलत नाही. फलन अनेक पदांची बेरीज असून त्यातले एकच पद गुळगुळीत केले तर मात्र जागा हलू शकते, आणि लेखकांच्या मनात बहुधा हाच प्रसंग असावा.

फलनाचे चल एखादी संख्या नसून काळानुसार बदलणारी राशी असेल, तर आणखी सावध राहावे लागते. उच्चदाबाच्या वीजग्राहकाचा दिवसभराचा वापर घ्या. ठरलेल्या वापरापासून क्षणोक्षणी होणाऱ्या विचलनाचा दंड दिवसभर साठत जातो असे मानले आणि दोन वापरांमधील अंतराचा वर्ग म्हणजे त्यांच्या फरकाच्या वर्गाचा समाकल (दिवसभराच्या क्षणांवरची सलग बेरीज) असे धरले, तर प्रत्येक क्षणाचा दंड स्वतंत्रपणे गुळगुळीत करून मग समाकल घेतला तरी संपूर्ण दंड एकदम गुळगुळीत केल्याचेच उत्तर येते. किमान काढणे आणि समाकल घेणे यांचा क्रम बदलता येतो, हे योग्य अटींखाली गणितज्ञ रॉकाफेलर यांनी सिद्ध केले आहे. पण वीजबिलातला मागणी आकार कमाल मागणीवर लागतो, आणि कमाल ही कोणत्याही एका क्षणाची मिरास नव्हे. तिथे वरच्या सूत्रातली बेरीज किमान करणारा वापर काढला, तर मूळ आलेखाची सगळी शिखरे एकाच पातळीवर छाटलेली दिसतात. मागणी आकाराचा दर एक धरला, तर ती पातळी अशी ठरते की छाटलेल्या भागाचे एकूण क्षेत्रफळ बरोबर लॅम्डाइतके भरावे. सकाळचे शिखर किती छाटायचे हे संध्याकाळच्या शिखरावर अवलंबून राहते, ते यामुळेच.

वर्गाऐवजी समजा चौथ्या घाताच्या समाकलाचे चौथे मूळ हे अंतर मानले आणि सूत्रात त्याचाच वर्ग घातला, तर विचलनाच्या दंडाच्या उदाहरणातले क्षणही एकमेकांत गुंततात. त्याऐवजी चौथा घातच घेतला तर ते पुन्हा सुटे होतात. म्हणून लेखमालेच्या पुढील भागात, अंतर कोणते धरले आहे आणि संपूर्ण फलन गुळगुळीत केले आहे की त्यातले एखादेच पद, एवढा खुलासा लेखकांनी करावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक