पँटचा नंबर आणि पोटाचं माप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नारायण पेठेत मी गेली एकोणचाळीस वर्षं पँट-शर्ट शिवतो. मधुमेहाच्या पोस्टरवर कायम ढेरपोट्या माणूस असतो. माझं वजन ५८ किलो, हातपाय काडीसारखे, आणि दोन वर्षांपासून साखरेची गोळी चालू आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.१! त्याच्या चार वर्षं आधी उपाशीपोटीची साखर ११८ आली होती. तेव्हा रिपोर्ट बघून सांगितलं गेलं, "बॉर्डरवर आहे, काळजी नको." मी खूश. खाली उतरून अमृततुल्यात स्पेशल मारला. शंभरच्या पुढे गेली की सावध व्हायचं आणि १२६ ला मधुमेहच धरतात, हे मला फार उशिरा कळलं.

आता धंद्यातलं सांगतो. पन्नाशीचं गिऱ्हाईक छाती काढून म्हणतं, "मास्तर, नंबर चौतीसच. कॉलेजपासून बदललेला नाही." खरं आहे, पण पँट पोटाखाली घसरलेली असते! टेप बेंबीवरून फिरवली की एकोणचाळीस. बेल्टचं भोक तेच, म्हणून माणूस निर्धास्त. आपल्याकडे पुरुषाचं पोट ९० सेंटीमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या पुढे गेलं, की धोका धरतात. बायकांना ८०, म्हणजे साडेएकतीस. जन्मभर लोकांची मापं घेतली, स्वतःचं पहिल्यांदा घेतलं ते त्या रिपोर्टनंतर. सदतीस भरलं.

अंगानं बारीक, पण आत चरबी, हा आपला प्रकार जगापुढे मांडला पुण्याच्याच डॉक्टरांनी. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, दोघांचाही २२.३. चरबी मात्र साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. केईएम माझ्या दुकानापासून चालत अर्ध्या तासावर, पण मला हे कळलं मुलीच्या मोबाइलवर.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेही १०.१ कोटी आणि बॉर्डरवरचे १३.६ कोटी निघाले. या दुसऱ्या लोकांना अजून मागे फिरता येतं. २००२ च्या एका अमेरिकी प्रयोगात आठवड्याला दीडशे मिनिटं चालून आणि थोडं वजन उतरवून मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं. (सारसबागेला दोन फेऱ्या मारून चौपाटीवर पावभाजी खाणं यात धरलेलं नाही.)

गणेशोत्सवात मंडळं रक्तदान शिबिरं भरवतात. तिथेच साखर तपासायची सोय करावी आणि एक टेप ठेवावी. टेप मी देतो. चाळिशीपुढच्या कुणालाही माप घ्यायचं असेल, तर दुपारी दुकानात यावं, कापड आणायची गरज नाही. फक्त टेप लावताना पोट आत ओढू नये. सगळे ओढतात.

आपला,
एक टेलर, वय ६३
नारायण पेठ, पुणे