बाबांची पेट्रोलची वही

पुणे,
रविवार, ११ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा दर वाक्यानंतर "काहून पण?" विचारतात आणि माझे आकडे विस्कटतात. म्हणून पत्र. आई, आकड्यांचा भाग तू ओलांडलास तरी चालेल, पण शेवटचा भाग तुझ्यासाठीच आहे.

बाबा, आधी एक कबुली. दिवाळीत घरी आले होते तेव्हा तुमच्या पेट्रोलच्या वहीच्या सगळ्या पानांचे मी फोटो काढले. आलमारीतून काढून, तुम्ही दुपारी झोपला असताना. २०११ च्या पाडव्याला गाडी आली त्या दिवसापासून एकही टाकी सुटलेली नाही: तारीख, लिटर, भाव, मीटरचा आकडा. पहिल्या पानावर पेट्रोल साठ-पासष्टच्या घरात आहे, शेवटच्या पानावर १०४. बँकेतून रिटायर झालेला माणूसच हे करू जाणे.

वर्षभर मी तुमच्या मागे लागले होते की येत्या पाडव्याला पंधरा वर्षं होतात, आरसी म्हणजे गाडीची नोंदणी संपते, आता इलेक्ट्रिकच घ्या. मी स्वतः तीन वर्षं ती चालवते आहे, वर्षाला लाखाच्या आसपास वाचवते आहे, मग तुम्ही का नाही? तुमची वही हाताशी ठेवून बसले ते तुम्हाला पटवायलाच. आणि बसल्यावर मीच गप्प झाले.

गोष्ट अशी. गाडी ९६ हजार किलोमीटर चालली, पण त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या सहा वर्षांतली, तुम्ही त्रिमूर्तीनगरातून रोज कामठीच्या शाखेत जात होता तेव्हाची. तेव्हा वर्षाला ९ हजार पडत. गेल्या तीन वर्षांत मिळून १४,४००. म्हणजे महिन्याला ४००. सीताबर्डीला तुम्ही आता सुभाषनगरहून मेट्रोने जाता, भाजी गल्लीत येते, उरलं काय तर अमरावतीचं मामांचं घर, रामटेक, डॉक्टर आणि लग्नं.

आता माझा हिशेब. दोन्ही कोटेशनं मी सारख्याच आकाराच्या गाड्यांची, दोन्ही ऑटोमॅटिक, नागपूरच्या पासिंगसकट मागवली. पेट्रोलची ऑन-रोड ८ लाख, इलेक्ट्रिकची १० लाख ७५ हजार. फरक पावणेतीन लाख. इलेक्ट्रिकवर जीएसटी ५ टक्केच आहे आणि आपल्या राज्यात तिला रोड टॅक्सही नाही, पेट्रोलच्या छोट्या गाडीला तो ११ टक्क्यांपासून सुरू होतो. तरीही हा फरक. कारण गेल्या २२ सप्टेंबरला छोट्या पेट्रोल गाड्यांचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या झटक्यात स्वस्त झाल्या. मी घेतली तेव्हा दरी इतकी रुंद नव्हती.

पेट्रोल: शहरात एसी लावून १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं. शोरूमवाला जास्त सांगेल, तुमची वही १४ सांगते. किलोमीटरला ७ रुपये, वर्षाला साधारण ३३ हजार.

वीज: तुमच्या ग्रुपवर फिरतो तो "किलोमीटरला एक रुपया"वाला मेसेज विसरा. माझ्या गाडीला १०० किलोमीटरला भिंतीच्या प्लगवर मोजून १३ युनिट लागतात. गाडीचा स्क्रीन कमी दाखवतो, कारण चार्ज होताना वाया जाते ती वीज तो मोजत नाही, बिल मात्र तिचंही येतं. आणि युनिटचा भाव? लोक बिलाला युनिटांनी भागतात आणि आठ-नऊ रुपये म्हणतात. तिथेच फसतात. गाडीचं युनिट पहिल्या शंभरात बसत नाही, ते सगळ्यात वरच्या स्लॅबवर जाऊन बसतं. तुमच्या हिवाळ्यातल्या बिलावर ते सगळे आकार धरून बारा-तेराला पडतं. मे महिन्यात दोन कूलर आणि एसी चालू असताना मीटर तीनशेच्या वर असतो, तिथे सोळाच्या घरात. मी सरासरी १४ धरली. महिन्याला ५२ युनिट, वर्षाला पावणेनऊ हजारांच्या आत.

म्हणजे इंधनात वर्षाला साडेचोवीस हजार वाचले. सर्व्हिसिंगमध्ये आणखी तीन हजार, कारण ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच काहीच नाही. इन्शुरन्सचं मी बरोबरीत सोडलं. थर्ड पार्टी इलेक्ट्रिकची थोडी कमी असते, ३० ते ६५ किलोवॉटच्या गाडीला २,९०४ आणि हजार ते पंधराशे सीसीच्या पेट्रोलला ३,४१६, पण गाडीची किंमतच जास्त म्हणून तिच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ते खाऊन टाकतो.

एकूण बचत साडेसत्तावीस हजार. पावणेतीन लाख भागिले साडेसत्तावीस हजार, दहा वर्षं. इथपर्यंत मीही खूश होते. मग तुमचाच आवाज कानात आला: "आणि व्याज?"

हो, व्याज. हेच पावणेतीन लाख तुमच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत ८.२ टक्क्यांनी असते तर वर्षाला साडेबावीस हजार आले असते. साडेसत्तावीसमधून साडेबावीस गेले, उरले पाच हजार. बाबा, पाच हजारांसाठी पावणेतीन लाख गुंतवा असं तुमच्याकडे कर्ज मागायला आलेल्या माणसानं सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलं असतं.

माझं का जमलं? मी रोज ६० किलोमीटर जाते, वर्षाला १८ हजार. माझे पैसे पावणेतीन वर्षांत वसूल झाले. सगळं उलटसुलट करून पाहिल्यावर मला दिसतं ते एवढंच, की वर्षाला दहा हजारांच्या आसपास गाडी पळाली तर ती आठ वर्षांत आपला जास्तीचा खर्च भरून काढते. तुम्ही कामठीला जात होता तेव्हा गोष्ट हातातोंडाशी आली असती. ४,८०० ला नाही.

आठ वर्षंच का, तर बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. तुमच्या चालीनं आठ वर्षांत गाडी ४० हजारही गाठणार नाही. म्हणजे वॉरंटीतले सव्वा लाख किलोमीटर तुम्ही विकत घेऊन तसेच सोडून द्याल. आणि लिथियमची बॅटरी चालल्यानं झिजते तशी नुसतं उन्हात, पूर्ण भरून उभी राहिल्यानंही म्हातारी होते. आपला पोर्च पश्चिमेला, वर टिनाचं शेड, आणि मे मधलं नागपूर म्हणजे ४५-४६. पाण्यानं थंड होणारी बॅटरी बरीच सांभाळून घेते, पण ती गाडी चालू असताना किंवा चार्ज होताना, उभ्या दुपारभर नाही. त्यातून घ्यायचीच ठरली तर उन्हाळ्यात ७०-८० टक्क्यांवर थांबवत जा.

विकताना काय येईल ते मी दोन्हीला सारखंच धरलंय. खरं म्हणजे वॉरंटी संपत आलेली इलेक्ट्रिक घेणारा घासाघीस जास्तच करेल.

(सोलारचं विचाराल. ३ किलोवॉटला केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे आणि आपल्या गच्चीवर दिवसाला बारा युनिट सहज निघतील, गाडीचा महिना पाच दिवसांत भागेल. बसवाच. पण सोलार गाडी नसतानाही बिल वाचवणार आहे, त्याचं पुण्य गाडीच्या खात्यावर लिहू नका.)

एक खर्च तुमच्या वहीत पंधरा वर्षांत एकदाही आला नाही: गाडी स्वतः. नवी पेट्रोलची ८ लाखांची गाडी आठ वर्षांनी अडीच लाखांना गेली असं धरा. साडेपाच लाख उडाले, वर्षाला जवळजवळ ६९ हजार. पेट्रोलच्या दुप्पट! तुम्ही भाव चार आण्यांनी उतरला की टाकी भरायला जाता, आणि ती पोर्चमध्ये उभी राहून दिवसाला दोनशे रुपये खाते. इन्शुरन्स, सर्व्हिसिंग सगळं मिळवलं तर तुमचं एक किलोमीटर २५ रुपयांना पडतं. टॅक्सीवाला यापेक्षा कमी घेतो. हे वाचून तुम्ही पत्र घडी करून ठेवाल हे मला ठाऊक आहे. ठेवू नका. रात्री दोनला आईला दवाखान्यात न्यायचं तर टॅक्सीची वाट कोण पाहणार, हे मलाही कळतं. दारात गाडी हवीच.

मग जुनीच का नको? आरसी पाच वर्षांनी वाढते, फी ५ हजार, वर पर्यावरण कर आणि फिटनेस. पैशात हेच सगळ्यात स्वस्त. पण तिला ना एअरबॅग ना एबीएस, आणि आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिच्या रबरी नळ्यांसाठी बनलेलं नाही. तुमच्या वहीतही अ‍ॅव्हरेज १४ वरून १३ झालेलं दिसतंय. यावर तुम्ही गडकरींची बाजू घ्याल, आपल्या गावचे म्हणून. घ्या. पण जुनीत तुम्हा दोघांना अमरावतीच्या हायवेवर पाठवायला माझं मन धजत नाही.

आता आई, तुझं. तू मला दिवाळीत स्वयंपाकघरात सांगितलंस की सिग्नलवर क्लच दाबताना बाबांचा डावा गुडघा धरतो आणि ते "सीट मागे गेली" म्हणतात. मी तेव्हापासून त्याच विचारात आहे, अ‍ॅव्हरेज वगैरे नंतरचं. बाबा, आता हे तुम्हीही वाचलं, रागावू नका. दोघींचं संगनमत आहे.

माझी गाडी समृद्धीनं नागपूरला आणली होती ना, ते आठवा. येताना एका ठिकाणी दोनपैकी एक चार्जर बंद, दुसऱ्यावर रांग, सव्वा तास आम्ही उन्हात संत्री सोलत बसलो. बाहेरचा चार्जर युनिटला बावीस रुपये घेतो, त्यामुळे हायवेवर बचत घटते. घरी पोहोचल्यावर पोर्चमधल्या प्लगनं गाडी घ्यायलाच नकार दिला, अर्थिंग नाही म्हणून. वायरमननं खड्ड्यात मीठ-पाणी ओतलं तेव्हा कुठे दिवा हिरवा झाला.

पण दुसऱ्या दिवशी बाबांनी तीच गाडी फुटाळ्यापर्यंत नेली. परत आल्यावर किल्ली द्यायला पाच मिनिटं लावली. "आवाजच नाही बे हिचा," असं गाडीलाच म्हणाले. आणि पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवला नाही. मी पाहत होते.

म्हणून मी ते असं मांडते. जास्तीचे पावणेतीन लाख आठ वर्षांत उडाले असं धरलं, तर इलेक्ट्रिक तुम्हाला पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा, व्याज धरून, महिन्याला साधारण अडीच हजारांनी महाग पडेल. बचत म्हणून घेऊ नका, ती होणार नाही. ती शांतता आणि तो सरळ, झटका न देणारा पाय अडीच हजारांचा वाटतो का, एवढंच ठरवायचं आहे. गुडघा तर पेट्रोलच्या ऑटोमॅटिकनंही सुटतो. मी तुमच्या जागी असते तर पेट्रोलच घेतली असती, सहा एअरबॅगवाली, आणि उरलेल्या पावणेतीन लाखांच्या व्याजात वर्षातून दोनदा पुण्याला आले असते.

मी २४ ला नागपूरला येतेय, शनिवार आहे. दोन्ही शोरूमला फोन करून ठेवलाय. टेस्ट ड्राइव्ह वर्धा रोडवर नको, बर्डीच्या गर्दीत घ्यायची, संध्याकाळी सहाला. आई मागच्या सीटवर बसेल आणि बाबांचा पाय बघेल. तेवढं गेल्या मे महिन्याचं लाइट बिल शोधून ठेवा, माझे आकडे त्याच्याशी ताडून बघायचेत. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात महिन्यातून एकदा पाणी टाकत जा, गाडी कोणतीही येवो, गिझर तरी आहेच.

तिळगुळाचा डबा मिळाला. आई, यंदा वड्या कडक झाल्यात, पण निम्मा डबा संपला.

तुमची,
लेक