पुनर्वसन इमारतींत वीजबचत योजना हवी

महोदय,

गोवंडी-मानखुर्दच्या झोपडपट्टी पुनर्वसन इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत, की खालच्या मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावावा लागतो. वारा नाही, म्हणून पंखा जवळपास दिवसभर चालू. म्हणजे ज्यांना वीजबिल सर्वांत जड जाते, त्यांच्याच घरात ती जास्त जळते!

जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा ‘बीएलडीसी’ पंखा तीसेक वॅट. रोज सोळा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात. पण नवा पंखा महाग पडतो, रोजंदारीवरचे कुटुंब एकरकमी पैसे आणणार कुठून? २०१५ मध्ये उजाला योजनेने एलईडी दिवे घरोघर पोहोचवले, तसेच हे पंखे वीजबिलातून हप्त्याने द्यावेत.

छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचे बिल त्यातून बरेच हलके होईल. मात्र कागदपत्रांसाठी या सोसायट्यांना हात धरून मदत करणारे कोणीतरी हवे. ते काम झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाने अंगावर घ्यावे. आणि नव्या इमारतींना परवानगी देतानाच उजेड-वाऱ्यासाठी ‘इको-निवास संहिता’ ही निवासी इमारतींची ऊर्जाबचत नियमावली सक्तीची करावी.

– एक वाचक, चेंबूर