दाराच्या वरचा पट्टा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की वाचकांच्या पत्रांत दोन तऱ्हेची पत्रं हमखास येतात. एकात लिहिलेलं असतं, पोरांनी मोठ्यांचं ऐकावं. दुसऱ्यात, पोरांना त्यांच्या मनासारखं करू द्यावं. मी औसा तालुक्यातला गवंडी. तीस वर्षांच्या वर या धंद्यात आहे. ही दोन्ही पत्रं वाचली की माझ्या डोळ्यांपुढं दाराच्या वरचा पट्टा येतो. तो का, हे जरा सविस्तर लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्याकडं भूकंप झाला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले होते. आमची घरं काळ्या दगडाची, भिंत अडीच फूट रुंद, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. आजोबांनी माझ्या वडिलांना जसं शिकवलं तसंच वडील बांधत आले. कामात कुचराई नव्हती, त्यांचा ओळंबा कधी चुकला नाही. पण ती अडीच फुटांची भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती होत्या, एक आतली, एक बाहेरची, आणि मधे दगडाच्या कपच्या न् माती. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार दगड नव्हता. जमीन हलली तशा दोन्ही बाजू फुगून सुटल्या आणि माळवदाची माती खाली आली. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आम्हीच मातीचा थर चढवायचो. माझ्या चुलत्याच्या घरातले तिघं त्याखाली गेले. सगळ्या भागात जवळपास दहा हजार माणसं गेली. वडिलांनी आयुष्यभर मोठ्यांचंच ऐकलं होतं. त्यांना दोष द्यायला हे लिहीत नाही.

पुढं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं. काही गावं उठून नव्या जागी गेली, काही ठिकाणी आहे त्याच घरांना मजबुती दिली. त्या कामात माझ्यासारख्या पोरांना शिकवायला इंजिनिअर आले. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा लांब दगड घाला. जोत्यावर आत गज घातलेला काँक्रीटचा एक पट्टा, दारं-खिडक्यांच्या वर एक, छताखाली एक, आणि प्रत्येक पट्टा चारी भिंतींवरून न तुटता फिरला पाहिजे. गजांभोवतीच्या रिंगेची टोकं नुसती काटकोनात मोडू नका, आत वळवून आकडा करा, नाहीतर धक्का बसला की रिंग उघडते.

वडील बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "कामून?"

इंजिनिअरनं चार फळ्यांचे तुकडे घेतले, जमिनीवर चौकोनात उभे केले आणि एकीला बोट लावलं. फळी पडली. मग त्यानं चौघींना वरून सुतळी गुंडाळली, गाठ मारली आणि पुन्हा बोट लावलं. या वेळी चौघी मिळून हलल्या, पण पडली एकही नाही. वडील बराच वेळ त्या सुतळीकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवसापासून गज वाकवायला ते स्वतः बसले. साठीच्या माणसानं आपल्या बापाचं शिक्षण एका दिवसात बाजूला ठेवलं, ते "कामून"चं उत्तर मिळालं म्हणून.

नव्या गावात सरळ गल्ल्या, एकसारखी घरं, दारांवर नंबर. माझी आजी दुसऱ्याच्या दारात जाऊन कडी वाजवायची. घराला ना ओटा, ना दिवा ठेवायला देवळी. मग लोक मला बोलवू लागले. एकाला ओटा उंच हवा होता, म्हाताऱ्या आईला पाय सोडून बसता यावं म्हणून. दुसऱ्याला बुटका, ज्वारी वाळत घालायला. प्रत्येकाचा ओटा वेगळा बांधला आणि आनंदानं बांधला. पण एकानं दार उंच करायला दारावरचा पट्टा फोडायला सांगितला, त्याला मी नाही म्हटलं. ते काम गेलं, त्याच्या भावाच्या घराचंही गेलं.

इतकं कळणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोराच्या बाबतीत मात्र चूक केली. बारावी आणि डॉक्टरकीच्या तयारीला सगळ्यांची पोरं लातूरला जातात, म्हणून मीही धाडलं. बायकोच्या पाटल्या मोडून फी भरली. एका खोलीत चौघं. पहिल्या वर्षी डॉक्टरकीला नंबर लागला नाही. पोरगं रात्री फोनवर म्हणालं, "बाबा, मला गावाकडं यायचंय." मी म्हटलं, अजून एक वर्ष बस. त्यानं विचारलं, "कामून?"

माझ्याजवळ फळ्या नव्हत्या, सुतळीही नव्हती. तोंडातून एवढंच निघालं, "सगळे बसायलेत म्हणून."

त्या रात्री मला झोप लागली नाही. आठ दिवसांनी जाऊन त्याची वळकटी घेऊन आलो.

त्यानं पाच उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड घेतला. आज लहानमोठी अडतीस जनावरं आहेत. मेव्हणे अजून म्हणतात, शिकलेलं पोरगं शेळ्यांमागं लावलंस. त्यांनी एकदा येऊन शेडचं दार बघावं. दारावर कॅलेंडर आहे. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची म्हणजे शेळ्यांच्या प्लेगची कधी दिली, जंताचं औषध कधी, सगळं लाल पेनानं. बाजारातून आणलेली शेळी एकवीस दिवस वेगळी बांधतो, कितीही देखणी असो. पशुवैद्यकाचा शब्द तो मोडत नाही, आणि न विचारता मानतही नाही. लातूरला तो घड्याळ बघून उठायचा आणि उदास असायचा. इथं त्याहून आधी उठतो.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या दोन्ही बाजूंना माझी हात जोडून विनंती आहे. "ऐका" म्हणताना कशाचं ऐकायचं तेही लिहा. पोराला पट्टा सांगताय की ओटा? पट्टा असेल तर सुतळी गुंडाळून दाखवा. दाखवता येत नसेल तर त्याच्या ओट्याची उंची तुम्ही का ठरवता?

परवा पोरगा म्हणाला, जनावरं वाढली, शेडची मधली भिंत काढू. मी सवयीनं नाही म्हणणार होतो. मग आम्ही दोघं शिडी लावून वर चढलो, छताच्या कैचीचं वजन कुठल्या भिंतीवर येतं ते बघायला.

आपला,
एक गवंडी
ता. औसा, जि. लातूर