गोल्डफिश द्यायला नाही म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार. नागपुरात महाल भागातल्या तुमच्या दुकानातून आम्ही टाकी, रेती, स्पंज फिल्टर सगळं घेऊन निघालो आणि मासा मात्र एकही नाही, ते तुमच्यामुळे, आणि त्याबद्दल नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्या पोट्टीला गोल्डफिशच पाहिजे होता. तुम्ही काउंटर सोडून बाहेर आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि हातानं दाखवलं, बेटा हा आज बोटाएवढा दिसते पण पुढे वीतभर होते, घाणही तेवढीच करते, आणि तुमची टाकी दोन फूट बाय एक बाय एक, काठोकाठ भरली तरी 56 लिटर. विकून मोकळं होणं किती सोपं होतं काका! काच साफ करतो म्हणून एक सकर मासा आणि वरून दोन छोटे शार्क बांधून दिले असते तरी आम्ही खुशीत नेले असते. सकर फूटभर वाढतो आणि तो शार्क म्हणजे मीटरच्या वर जाणारा पंगास, हे तुम्ही स्वतःहून सांगितलं. आणि मोठा झाला म्हणून फुटाळ्यात नेऊन सोडायचा नाही, तलावातल्या आपल्या माशांचं वाटोळं होते, हेही.

मग ते अमोनियाचं. माशाच्या घाणीतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात जे आठवड्याला पाव पाणी बदललं की निघून जातं, आणि नव्या टाकीत हे बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात. एवढं सांगून तुम्ही थांबले नाही, बॅक्टेरिया आयतेच मिळावेत म्हणून तुमच्या चालू टाकीतल्या फिल्टरचा काळपट झालेला स्पंज कापून अर्धा तुकडा पाण्यासकट पिशवीत दिला, पैसे न घेता. हा नळाखाली धुवायचा नाही, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, कारण नळाच्या क्लोरीननं बॅक्टेरिया मरतात. नळाला येणारं पेंच धरणाचं पाणी आपण बिनधास्त पितो, पण माशाच्या कल्ल्यांना तेच क्लोरीन जाळतं, म्हणून अँटीक्लोरीन टाकल्याशिवाय एक मगही टाकीत जाऊ द्यायचा नाही हे आमच्या घरात आता पोट्टीच सगळ्यांना बजावते.

टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तेव्हाच तुम्ही मासे दिले. सहा गप्पी, सगळे नर, कारण मादी आली की महिन्याभरात पिल्लं आणि मग एवढ्याशा टाकीत गर्दी. एकेक जाळीत घेऊन शेपटी मिटलेली तर नाही ना, अंगावर पांढरे ठिपके तर नाहीत ना, हे उजेडात धरून बघत होते तुम्ही, दोन तर परत सोडून दिले. तिला निळा फायटर मासाही पाहिजे होता तर तुम्ही सांगितलं की तो गप्पीच्या लांब शेपटीवर तुटून पडते, त्याला वेगळी टाकी लागते, आणि वेगळी म्हणजे बाउल नाही.

आणि उन्हाळा! पारा 45 ला गेला तेव्हा तुमचं बोलणं शब्दन्‌शब्द कामी आलं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो म्हणून एअरपंप दिवसरात्र चालू, झाकण काढून वरून छोटा पंखा, खाणं कमी, बर्फ अजिबात नाही, आणि लाइट गेली तर बॅटरीचा पंप. सहाच्या सहा मस्त आहेत काका, पोट्टी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी काचेपाशी, आणि तिला बघून ते सगळे समोर गोळा होतात.

तिला तुम्ही इतकं मन लावून समजावलं, ग्राहक म्हणून नाही, मासे पाळणार आहे म्हणून, याचे आभार कसे मानू सांगा. थंडी पडायच्या आधी हीटर घ्यायला येतोय आम्ही दोघी, 50 वॅटचा एक बाजूला काढून ठेवा.