कॅलगरीच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

स्टॅम्पीडला, म्हणजे कॅनडातल्या तुमच्या शहराच्या काउबॉय मेळ्याला, निघालेल्या अनोळखी माणसांसाठी तुम्ही चांगली दोन पानं लिहून धाडलीत, त्याबद्दल मनापासून आभार. ‘जुलैत दहा दिवस मोठा मेळा असतो, चुकवू नका’ एवढं कुणीही सांगतं. नजर कुठे ठेवायची, ते तुम्ही सांगितलंत.

रोडिओचंच घ्या, म्हणजे उधळत्या बैल-घोड्यांवर टिकून राहायच्या खेळाचं. बैलावर आठ सेकंद टिकायचं, इतपत सगळ्यांना ठाऊक असतं. पण १०० गुणांतले ५० स्वाराचे आणि ५० बैलाचे, हे कळलं की खेळ उलगडतो. बैल मवाळ निघाला तर आठ सेकंद टिकूनही गुण बेताचेच! दोर एकाच हातात. मोकळा हात बैलाला नुसता लागला तरी शून्य. सॅडल ब्रॉन्कमध्ये, म्हणजे खोगीर घातलेल्या उधळत्या घोड्यावरच्या स्वारीत, तर निकाल पहिल्या उडीतच लागू शकतो. घोड्याचे पुढचे पाय जमिनीला टेकतात त्या क्षणी स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांच्या वर हव्यात, नाहीतर पुढे कितीही झकास बसला तरी बाद. ‘टोपी नको, टाच बघा’ ही तुमची ओळ लाख मोलाची.

संध्याकाळच्या चकवॅगन शर्यतीला तुम्ही शंकरपटाची उपमा दिलीत, ती चपखल आहे. फक्त इथे सरळ धाव नसते. चार घोड्यांची गाडी आधी दोन पिंपांभोवती इंग्रजी आठचा आकडा काढते आणि मग गोल ट्रॅकवर सुटते. पिंप पाडलं की ५ सेकंदांचा दंड, म्हणजे शर्यत गेलीच. या शर्यतीत घोडे दगावले आहेत आणि त्यावर टीकाही होते, हे तुम्ही झाकून ठेवलं नाहीत, हे विशेष.

सी-ट्रेनचा, म्हणजे शहरातल्या रेल्वेचा, इशाराही नेमका. सेव्हन्थ अव्हेन्यूवर प्रवास फुकट, पण स्टॅम्पीडचं स्टेशन त्या टप्प्याबाहेर. तिकीट गाडीत चढण्याआधीच काढायचं. गेट नसल्याने अडवणारं कुणी नाही. दंड मात्र होतो.

बो नदीवर तराफ्यातून जायचं तर लाइफ जॅकेट सक्तीचं. शौल्डाइस पार्कला पाण्यात उतरायचं आणि सेंट पॅट्रिक्स आयलंडला बाहेर पडायचंच. त्यापुढे हार्वी पॅसेजचा खळाळ आहे, नवख्यांचं ते काम नव्हे. पाणी हिमनदीचं, जुलैतही हाडं गोठवणारं.

बॅन्फ नॅशनल पार्कमधल्या मोरेन लेकला २०२३पासून खासगी गाडी जात नाही. पार्क्स कॅनडाच्या बसच्या काही जागांचं आरक्षण बरंच आधी खुलं होतं, पण बऱ्याचशा जागांचं प्रवासाच्या दोन दिवस अगोदर सकाळी ८ वाजता, तिथल्या वेळेनुसार. भारतातून बघणाऱ्याने संध्याकाळी साडेसातला तयार राहायचं, हा हिशेबसुद्धा तुम्हीच करून दिलात.

आपले,
डोंबिवलीचे सहाजण

ता. क. स्टॅम्पीडच्या दिवसांतल्या फुकटच्या पॅनकेक नाश्त्यात सोबत बहुधा सॉसेज वाढतात. शाकाहारी मंडळींनी ताट पुढे करण्याआधीच सांगावं, हेही तुमच्याच पानावरचं.