‘अचानक’ काही नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या अंकात पाचव्या पानावर ‘महागड्या विदेशी स्पोर्ट्स कारने घेतला अचानक पेट’ अशी बातमी आली. ती गाडी माझी. शॉर्टसर्किट झालं आणि चालकाने प्रसंगावधान राखून उडी मारली, असं तुमच्या प्रतिनिधीने लिहिलंय. माझं वय ७१, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. उडी कसली मारतोय? दार उघडलं आणि रोजच्यासारखा चौकटीला धरून उठलो. महागडी म्हणाल तर १९९१ साली १८ हजारांना घेतली, तीही विटांवर उभी असलेली. ते जाऊ दे. माझी तक्रार ‘अचानक’ या एका शब्दाबद्दल आहे.

गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क टू, १९६५ ची. (नावाचा अर्थ आग ओकणारी. त्यावरचा विनोद आठवडाभरात आमच्या गल्लीत प्रत्येकाने एकेकदा करून झालाय, आता पुरे.) मुंबईत दादरच्या पारशी कॉलनीत एका डॉक्टरांच्या गॅरेजात पडून होती, ट्रकात घालून कोल्हापूरला आणली. आत दोनच माणसं बसणार, इंजिन ११४७ सीसीचं, त्यावर एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे). पुढचं बॉनेट मडगार्डांसकट एकाच तुकड्यात, मगरीच्या जबड्यासारखं उघडणारं, फक्त उलट्या बाजूने. गाडी विलायतेत कव्हेंट्रीला बनलेली, पण तिची चासी मुळात ट्रायम्फ हेरल्डवरून काढलेली. आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड बनायची, म्हणून माझं निभावलं. पुढचं सस्पेन्शन हेरल्डचं बसतं हे कळल्यावर मद्रासमधल्या पुदुपेटच्या जुन्या बाजारात तीन खेपा केल्या. तिथे मिळालं नाही ते उद्यमनगरात माझ्या लेथवर केलं. पितळी ट्रनियन, म्हणजे पुढची चाकं ज्यांवर वळतात ते खालचे सांधे, मी स्वतः काढलेत, एकेकाला दोन-दोन रात्री लागल्या. १९९८ च्या दसऱ्याला हार घालून पहिल्यांदा बाहेर काढली, तेव्हा रंकाळ्याला एक चक्कर होईपर्यंत मागे पोरांच्या दहा-बारा सायकली लागल्या होत्या.

आता त्या शब्दाकडे येतो. आग लागली त्याच्या दोन आठवडे आधी मंडळी मला म्हणाल्या, “तुमच्या शर्टाला पेट्रोलचा वास येतोय.” मी म्हटलं, जुनी गाडी आहे, वास यायचाच. मग गॅरेजची फरशी एक दिवस ओली दिसली, रुपयाएवढा डाग. तो मी पुसून टाकला. टर्नर म्हणून ३८ वर्षं काढलेला माणूस डाग पुसतो आणि वर मान करून बघत नाही, याला काय म्हणावं?

मला ठाऊक होतं की पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतची रबरी नळी जुनी झालीय. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराचं त्याच्याशी जमत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, क्लिपखाली चिरतं. इथेनॉलमुळे गाड्या पेटतात असं मला म्हणायचं नाही आणि कृपा करून तसं छापूही नका. इथेनॉल उसापासूनच होतं, आणि आमच्या थोरल्या भावाचा दीड एकर ऊस कारखान्याला जातो, मी कुणाला दोष देऊ? इथेनॉलला टिकणारी नळी बाजारात मिळते. मी आणलीही होती, दोन मीटर. आठ महिने ती गॅरेजात खिळ्याला टांगलेली होती. बदलायला अर्धा तास लागतो.

त्या रविवारी सकाळी पन्हाळ्याला झुणका-भाकरी खायला म्हणून निघालो. शिवाजी पूल ओलांडला, वडणगे फाटा गेला, केर्लीच्या पुढे वास एकदम वाढला. समोर बघतो तर बॉनेटच्या मधोमध रंगाला फोड आलेले, पापडासारखे. या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात, एक वर, एक खाली. वरून गळलेलं पेट्रोल सरळ एक्झॉस्टच्या तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनाला जोडलेल्या नळ्यांवर) पडतं. हे मी किती पोरांना शिकवलंय!

किल्ली बंद केली, गाडी कडेला घेतली, उतरलो. इथवर बरोबर केलं. पुढची चूक मात्र लिहितोच, कारण ती कुणीही करेल. मी बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि बॉनेट उचललं. आत दबलेल्या आगीला वारा मिळाला. माझ्या भुवया तेव्हाच गेल्या. बॉनेट न उघडता खालच्या फटीतून आग विझवायची पावडर मारायची असते. तिची बाटली मागे डिकीत, स्टेपनीच्या खाली. डिकी आणि सीट यांच्या मधोमध पेट्रोलची टाकी. तिकडे जायचं धाडस झालं नाही. किलोभराची बाटली फार तर आठ-दहा सेकंद चालते, पण पहिल्या मिनिटाला तेवढी पुरली असती.

रस्त्याकडेला गुऱ्हाळ चालू होतं आणि चिपाडाचा ढीग गाडीपासून वीस पावलांवर. मला गाडीपेक्षा त्याची भीती. एक पोरगं बादली घेऊन धावत आलं तर गुळव्या काहिलीजवळून ओरडला, “पानी नगं वतू! माती आन, माती!” चार माणसं ओली पोती आणि घमेली घेऊन आली. पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि पाण्याबरोबर आग पसरत जाते, हे त्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं, पण उकळत्या काहिलीपुढे जन्म गेलेला. चिपाड वाचलं. तुमच्या बातमीत या माणसांचा उल्लेख नाही. उडी मारणाऱ्या चालकाऐवजी त्यांच्याबद्दल दोन ओळी हव्या होत्या. सिनेमातल्यासारखा स्फोटही झाला नाही, ‘स्फोटाने परिसर हादरला’ हे वाक्य कुठून आलं कळत नाही. दोन टायर फुटले, तेवढाच आवाज. बंब येईपर्यंत पुढचा भाग संपला होता.

इन्शुरन्स थर्ड पार्टीचा, म्हणजे हातात काही नाही. सांगाडा टेंपोतून घरी आणला. कार्ब्युरेटर वितळून चासीवर ओघळलेत. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, आयुष्यभर फाउंड्रीवाल्यांच्या शेजारी काढलं, मला हिशेब कळतो. पुढच्या स्प्रिंगांचं पाणी उतरलंय, म्हणजे पोलादाचा ताठपणा गेलाय, त्या आता भंगार. पितळी ट्रनियन मात्र जसेच्या तसे आहेत. ते मी काढून, पुसून, कपाटात ठेवलेत. कशाला, ते विचारू नका. मंडळींनीही विचारलं नाही.

संपादकसाहेब, ‘अचानक’ लिहिलं की वाचणारा पान उलटतो, कारण अचानक जे होतं त्याला तो काय करणार? त्याऐवजी ‘दोन आठवडे पेट्रोलचा वास येत असूनही मालकाने नळी बदलली नाही’ असं छापा. माझी हरकत नाही, नावासकट छापलं तरी चालेल. गावोगावी अजून कार्ब्युरेटरच्या कितीतरी जुन्या स्कूटर आणि गाड्या फिरतायत, त्यांतल्या एखाद्याच्या घरी कुणाच्या तरी शर्टाला आज वास येत असेल.

खिळ्यावरची नळी काल उतरवली. शेजारच्या मास्तरांच्या जुन्या स्कूटरला वीतभर कापून बसवली, नव्या क्लिपा लावून. उरलेली तिथेच टांगलीय. उद्यमनगरात कुणाला हवी असेल तर येऊन घेऊन जावी.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर